जुनं रोमन मायक्रोमोझेक ओळखायचं कसं आणि कोकणच्या हवेत टिकवायचं कसं

कोकणात मे महिन्यात पावसाची बेगमी होते. आमसुलं, सुकी मासळी, पापड सगळं डब्यात बंद होतं, सरपण पडवीत रचलं जातं. घरात जुनं इटालियन मायक्रोमोझेक असेल, तर त्याचीही बेगमी याच दिवसांत करायची. मग ते तपकिरीच्या डबीच्या झाकणावरचं धबधब्याचं चित्र असो, नाहीतर पणजीच्या पेटीत निघालेला ब्रोच असो. मृग लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. तोवर हवा आत शिरलेली असते.

मायक्रोमोझेक म्हणजे काचेच्या अतिबारीक कणांनी जडवलेलं चित्र. त्यात रंगाचा हात कुठेच फिरलेला नसतो. आभाळ, डोंगर, पाणी, पडक्या देवळाचे खांब हे सगळं काचेचं असतं. काच आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि ओल्या फडक्याने पुसतात. चूक इथेच होते. काचेला सहसा काही होत नाही, काच ज्यात बसवली आहे ती बैठक जाते. पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं या बैठकीसाठी आहे.

थरांची ओळख

सगळ्यात खाली तांब्याची उथळ, कड उचललेली थाळी असते किंवा दगड असतो. दगड बहुतेक वेळा काळा संगमरवर. त्यावर लांबीचा थर. खिडकीच्या काचेभोवती रंगारी खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची जी लांबी भरत, तिचीच ही जातभाई आहे. रोममधले कारागीर ट्रॅव्हर्टाइन या चुनखडीच्या दगडाची भुकटी, चुना आणि जवसाचं तेल एकत्र मळत. ही लांबी फार सावकाश घट्ट होते, म्हणून कारागिराला एकेक कण चिमट्याने खोचायला दिवसच्या दिवस मिळत. थाळीत आधी प्लास्टर भरून त्यावर चित्र रेखायचं, मग थोडं प्लास्टर कोरून काढायचं, तिथे लांबी भरायची, कण बसवायचे आणि पुढे सरकायचं, असा क्रम होता. लांबी पूर्ण वाळली की फटींत त्या-त्या रंगाचं मेण भरत, आणि सगळा पृष्ठभाग घासून सपाट व चकचकीत करत.

या कलेचा उगमच दमटपणात आहे. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकातली वेदीवरची चित्रं ओलीने खराब होत होती, म्हणून त्यांच्या मोझेक प्रती करून बसवायचं ठरलं. त्यासाठी १७२७ मध्ये व्हॅटिकनची कायमची मोझेक कार्यशाळा उभी राहिली. १७३०च्या दशकात अलेस्सिओ मात्तिओली यांनी अपारदर्शक काचेच्या नव्या छटा बनवून दिल्या. मग काचेचा तुकडा आचेवर मऊ करून त्याची दोऱ्यासारखी तार ओढायची आणि त्या तारेचे कण पाडायचे, ही युक्ती आली. या तारांना इटालियनमध्ये ‘स्माल्टी फिलाती’ म्हणतात. तार आली आणि भिंतीवरची कला तळहातावर आली. जाकोमो राफाएल्ली यांनी १७७५ मध्ये रोममध्ये अशी कामं मांडली, तिथून मायक्रोमोझेकचा इतिहास धरतात. युरोपच्या सफरीवर आलेल्या श्रीमंत प्रवाशांना रोमची आठवण खिशात घालून न्यायची होती, त्यामुळे पुढची शंभर वर्षं मागणी टिकली. ‘मायक्रोमोझेक’ हा शब्द मात्र अलीकडचा आहे. तो रूढ करण्याचं श्रेय संग्राहक आर्थर गिल्बर्ट यांना देतात. त्यांचा संग्रह आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

भिंगाखाली

सोनार वापरतात ते दहापट भिंग, एक छोटी विजेरी आणि पट्टी एवढंच सामान लागतं. वस्तू मऊ फडक्यावर ठेवा, हातात धरून बघू नका. विजेरी डोक्यावरून न मारता बाजूने, जवळपास आडवी धरा.

रोमजवळच्या टिव्होली गावाचं चित्र घेऊ, कारण निसर्गदृश्यांत ते वरचेवर भेटतं. कड्यावर खांबांचं गोल देऊळ आणि खाली दरीत कोसळणारं पाणी. आभाळाकडे बघा. चांगल्या कामात आभाळाचे कण आडव्या ओळींत भिंतीच्या विटांसारखे बसवलेले असतात, आणि क्षितिजाकडे येताना निळा रंग इतका हळू फिका होत जातो की ओळ कुठे बदलली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पाण्यापाशी आलं की ओळी वळतात. तिथे कण लांबट आणि पाण्याच्या धारेच्या दिशेने लावलेले दिसतात. झाडीत ते आखूड, वाकडे, स्वल्पविरामासारखे होतात. एकाच कणात दोन-तीन छटा दिसल्या, म्हणजे पानाच्या एका कडेला पिवळा आणि दुसरीकडे गडद हिरवा, तर ती अनेक रंगांची काच एकत्र करून ओढलेली तार आहे. या मिश्र तारांचं श्रेय अंतोनिओ अग्वात्ती यांना देतात, आणि त्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसू लागतात. त्याआधीच्या कामांत कण बहुतेक चौकोनी आणि एकरंगी असतात.

आता मोजणी. जाड कागदात ५ मिमी × ५ मिमीची खिडकी कापा, ती आभाळावर ठेवा आणि आतले कण मोजा. आकड्याला २६ने गुणलं की एका चौरस इंचात किती कण बसले ते कळतं. खिडकीत ५५ कण आले तर ते चौरस इंचाला सुमारे १४०० होतात, आणि हे उत्तम काम म्हणायचं. पंधरा-वीसच आले तर ती प्रवाशांसाठी झटपट बनवलेली नंतरची वस्तू असण्याची शक्यता जास्त. अतिशय बारीक कामांत हा आकडा ३००० ते ५००० पर्यंत जातो, तिथे दहापट भिंग अपुरं पडतं. तीन वेगळ्या जागी मोजा. कारागीर चेहरे आणि देवळं बारीक करत व जमीन सैल सोडत, त्यामुळे एका जागेचा आकडा फसवतो.

सारख्या दिसणाऱ्या वस्तूंपासून वेगळं करणं सोपं आहे. छापील चित्रावर काच किंवा रेझिन ओतलं असेल तर भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात. मीनाकामात सांधे नसतात, रंग सलग वितळलेला असतो. फ्लोरेन्सचं ‘पिएत्रा दूरा’ हे दगडाच्या कापलेल्या पाकळ्यांचं काम आहे. त्यात एक पान म्हणजे एकच तुकडा, आणि छटा त्या दगडाची स्वतःची. अस्सल मायक्रोमोझेकवर आडवी विजेरी फिरवली की कण एकदम चमकत नाहीत, एकेक करून चमकतात, कारण घासून सपाट केलं तरी प्रत्येकाचा कल केसभर वेगळा राहतो. गरम सुई टोचून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फटीतलं मेण तेवढ्याने वितळतं.

चित्रावरून काळ

निसर्गदृश्यांचा मोठा फायदा म्हणजे त्यांतल्या इमारतींच्या तारखा माहीत आहेत.

कोलोसियमच्या पडक्या बाह्य भिंतीला आधार देणारी तिरपी विटांची भिंत पूर्वेच्या टोकाला १८०७ मध्ये झाली, आणि पश्चिमेकडचा कमानींचा आधार वास्तुकार वालादिए यांनी १८२६च्या सुमारास पुरा केला. चित्रात तो कमानींचा आधार दिसत असेल तर वस्तू त्याआधीची असूच शकत नाही. पँथियन या रोममधल्या प्राचीन देवळाच्या दर्शनी भागावर दोन छोटे घंटामनोरे होते, ज्यांना लोक गाढवाचे कान म्हणत. ते १८८३ मध्ये पाडले. कोलोसियमवर वाढलेली झाडंझुडपं १८७१ मध्ये उपटून काढली. रोमन फोरम हा प्राचीन रोमचा मुख्य चौक त्या काळी ‘काम्पो वाच्चिनो’, म्हणजे गुरांचा माळ म्हणून ओळखला जाई, आणि जुन्या चित्रांत अर्ध्या गाडलेल्या खांबांच्या सावलीत गुरं बसलेली दिसतात. टिव्होलीला १८२६ च्या पुरानंतर नदी डोंगरातल्या बोगद्यांतून वळवली आणि १८३५ मध्ये नवा मोठा धबधबा सुरू झाला. त्यामुळे पाणी कुठून पडतं आहे ते नीट बघा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण विक्रेते नेमके इथे घसरतात. नव्याने बांधलेली गोष्ट चित्रात असेल, तर ‘याआधीचं नाही’ हे ठाम सांगता येतं. पाडून टाकलेली गोष्ट चित्रात असेल, तर ‘यानंतरचं नाही’ असं मात्र ठाम म्हणता येत नाही. कारागीर जुन्या कोरीवचित्रांवरून तीच दृश्यं पुढे कित्येक वर्षं करत राहिले. म्हणून मनोरे असलेलं पँथियन १८९० चंही असू शकतं. झाडंझुडपं आणि गुरं यांनाही हेच लागू.

ब्रोच असेल तर पाठ बघा. पिन अडकवायचा साधा ‘सी’ आकाराचा आकडा जुन्याची खूण आहे. फिरवून बंद होणारा सुरक्षित आकडा विसाव्या शतकातला, अर्थात तो नंतर बदललेलाही असू शकतो. इंग्रजीत ‘इटली’ असा ठसा असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने तेव्हापासून मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं.

घेण्याआधी काय तपासायचं

दर ठरवण्याआधी बैठक तपासा. आडव्या उजेडात पृष्ठभागावर फुगवटा दिसतो का? दिसला तर खालचं तांबं गंजून लांबीला वर ढकलतं आहे किंवा लांबी थाळीपासून सुटली आहे. हा सगळ्यात वाईट दोष, कारण आज सगळे कण जागेवर दिसत असले तरी उद्या एक अख्खा पट्टा निघतो. चित्राला आरपार जाणारी सरळ चीर असेल तर खालचा दगड फुटलेला आहे, वस्तू कधीतरी पडली आहे. दगड नीट सांधला असेल तर ही चीर वाटते तेवढी घातक नाही. कडेचेच कण गेले असतील तर कोंदणाचा दाब कारण आहे. सांध्यांतून हिरवी बारीक रेघ येत असेल तर तांब्याचा गंज. लांबीतल्या तेलाची आम्लंही तांब्याला हळूहळू हिरवं करतात, पण ती हिरवट कड गडद आणि चिकट असते. फिकट, पिठासारखी, पुसली तरी परत येणारी हिरवी पूड मात्र खाऱ्या हवेतल्या क्लोराइडची आहे. ती थांबवल्याशिवाय वस्तू घेऊ नका.

सगळं चित्र एकसारखं धुरकट असेल तर कोणीतरी व्हार्निश किंवा मेण चोळलेलं आहे, ते निघू शकतं. एकाच रंगाचे कण धुरकट आणि बाकीचे स्वच्छ असतील, तर त्या रंगाची काचच सदोष आहे आणि ओल खाऊन खराब होते आहे. ते परत येत नाही.

जुनी डागडुजी शोधायला अतिनील विजेरी उपयोगी पडते. नवं इपॉक्सी अंधारात बहुधा निळसर पांढरं चमकतं आणि जुन्या मेणाहून वेगळं उठून दिसतं. विक्रेत्याची हरकत नसेल तर वस्तू एक रात्र पांढऱ्या कागदावर ठेवायला सांगा. सकाळी कागदावर चुरा असेल तर बैठक चालू स्थितीत नाही.

सफाई

आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, आमसुलाच्या पाण्याने नाहीतर लिंबू-मिठाने घासतात, आणि हात सवयीने तिकडे जातो. मायक्रोमोझेकच्या पितळी चौकटीलाही हे लावू नका. लांबीतला दगड आणि चुना हे दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आमसुलाचं आम्ल सांध्यात गेलं की त्याला खाऊन टाकतं, आणि मीठ तांब्याचा गंज सुरू करून देतं. राख, रांगोळी आणि दंतमंजनाने पॉलिश जातं. सोनाराकडच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकलं तर कण सुटून तळाशी जमा होतात. ब्रोचची पिन तुटली म्हणून सोनाराकडे द्यायचीच असेल, तर डाग देण्याची ज्योत लावायची नाही आणि तेजाबात बुडवायचं नाही, हे दोन्ही आधी बजावून सांगा आणि काम शक्यतो समोर बसून करून घ्या.

खरी सफाई कोरडी असते. जलरंगाचा मऊ, २ ते ४ नंबरचा ब्रश आणि कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा पुरतो. ब्रश सांध्यांच्या दिशेने हलका फिरवा, फुग्याने धूळ बाजूला करा. तोंडाने फुंकर घालू नका, बाष्प आणि थुंकीचे कण जातात. वर्षातून दोनदा एवढं केलं तर बहुतेक वस्तूंना पुढचं काही लागत नाही.

हाताचा चिकटपणा बसलेलाच असेल, आणि एकही कण सैल नसेल, तरच ओलसर बोळा वापरा. लाकडी काडीला थोडा कापूस गुंडाळा, ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवा आणि टिपकागदावर दाबून जवळजवळ कोरडा करा. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्यालगतच्या विहिरींना खारेपणा असतो. बोळा घासायचा नाही, लाटण्यासारखा गोल फिरवत न्यायचा. एका वेळी एक चौरस सेंटीमीटर, लगेच दुसऱ्या कोरड्या बोळ्याने टिपायचं, बोळा मळला की टाकायचा. कापसावर रंग आला तर थांबा, ते फटीतलं रंगीत मेण आहे. स्पिरिट, अॅसिटोन, काच पुसायचा फवारा यांतलं काहीच नको. स्पिरिट आणि अॅसिटोन मेणावर व जुन्या डागडुजीच्या चिकटद्रव्यावर चढतात, आणि फवाऱ्यातला अमोनिया तांब्याला लागतो.

पावसाळ्याची पेटी

रत्नागिरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर बाहेरची आर्द्रता ८५ ते ९५ टक्क्यांत फिरते. त्यात समुद्राची हवा. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसात पाझरते ती याच कारणाने. तेच मीठ कोंदणाच्या खाचेत, डोळ्यांना न दिसता, बसलेलं असतं आणि पावसाळ्यात तिथे थेंबभर खारं पाणी तयार होतं. म्हणून आपलं उद्दिष्ट सोपं आहे: पेटीच्या आत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, आणि कुठल्याही परिस्थितीत ६५च्या वर नाही.

सामान असं:

- झाकणाला रबरी कड असलेला पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे ३ लिटरचा डबा
- १०० ग्रॅम नारंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), ५० ग्रॅमच्या दोन कापडी पुरचुंड्यांत
- छोटं डिजिटल आर्द्रतामापक, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा
- आम्लमुक्त कागद आणि पांढरा पॉलिथिलीन फोम

निळं सिलिका जेल घेऊ नका, त्यातला कोबाल्ट विषारी आहे. नवं कोरं मांजरपाट वापरायचं असेल तर आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, नाहीतर खळीवर बुरशी आणि कसर येते. थेट कापसात गुंडाळू नका, तंतू कणांच्या कडांत अडकतात आणि सैल कण ओढून काढतात. लाल मखमलीची जुनी डबी कितीही सुंदर असली तरी ती वेगळी ठेवा. रंगवलेलं कापड आणि लोकर चांदीचं कोंदण काळं करतात. नव्या प्लायवूडच्या कपाटात उघडं ठेवू नका, त्यातून येणाऱ्या आम्ल वाफा तांबं आणि चुना दोघांनाही लागतात. कपाटात डांबरगोळ्या आणि कापूरही नको. त्यांची वाफ मेणात आणि जुन्या राळेच्या डागडुजीत मुरते.

मे महिन्याच्या मध्यात एका कोरड्या दुपारी फोममध्ये वस्तूच्या आकाराची खाच करा, वस्तू तोंड वर करून आडवी ठेवा, वर आम्लमुक्त कागद सैल पसरा. पहिल्या दिवशी सिलिका जेलची एकच पुरचुंडी घाला. दुसरी चार-पाच दिवसांनी. दोन्ही एकदम घातल्या तर आतली हवा काही तासांत फार कोरडी होते, आणि जुनी लांबी व चौकटीचं लाकूड एकदम आक्रसतं. मापक ४०च्या खाली गेलं तर एक पुरचुंडी काढून घ्या.

सिलिका जेलच्या रंगावर भिस्त ठेवू नका. रंग फार आधी बदलतो. वजन खरं सांगतं. कोरड्या ५० ग्रॅमची पुरचुंडी ६० ते ६२ ग्रॅम झाली की ती आता ४०-५० टक्क्यांच्या आसपास तोलून बसली आहे, यापुढे ती हवा कोरडी करणार नाही. दाणे स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, पूर्ण थंड करा, मगच परत पुरचुंडीत भरा. गरम दाणे पेटीत गेले तर मेण मऊ होतं. पुरचुंड्या आळीपाळीने सुकवा म्हणजे पेटी कधी रिकामी राहत नाही. डबा दर आठवड्याला उघडू नका. पारदर्शक डबा घेतला तर मापक बाहेरून वाचता येतं.

वातानुकूलित खोलीत ठेवणाऱ्यांनी एक हिशेब डोक्यात ठेवावा. बाहेर ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं ते, २८ अंशांच्या आसपास असतो. २४ अंशांच्या खोलीतून काढलेली वस्तू अशा हवेत आली की तिच्यावर लगेच दव धरतं, आणि ते सांध्यांतून आत जातं. म्हणून खोलीतच चेनवाल्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, बाहेर आणून तासभर तशीच राहू द्या, वस्तू कोमट झाली की उघडा.

भिंतीवर लावायचा फलक असेल तर चिऱ्याची पश्चिमेकडची भिंत टाळा. जांभा पाणी धरून ठेवतो आणि पावसाचा मारा तिकडूनच येतो. आतली आडभिंत निवडा, आणि चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना २ सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे लावून हवा खेळती ठेवा. वर हॅलोजनचा दिवा नको. तांबं तापल्यावर काचेच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६ सेंटीमीटरच्या थाळीत २० अंशांच्या फरकाने दोघांमध्ये एक शतांश मिलिमीटरची ओढाताण होते. एकदा झाली तर काही नाही. दिवा रोज लावला आणि विझवला, तर दीडशे वर्षांत बिस्किटासारखी ठिसूळ झालेली लांबी ती सोसत नाही. उन्हात उभ्या गाडीत वस्तू ठेवणं तर त्याहून वाईट. मधमाशांचं मेण ६२-६५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं.

कण निघाला तर

निघालेला कण चिमट्याने उचला, छोट्या कागदी पाकिटात घाला, आणि पाकिटावर जागा लिहा, जसं ‘देवळाच्या डाव्या खांबाखाली, कडेपासून ४ मिमी’. लगेच त्या जागेचा फोटो काढा. झटपट चिकटणारा गोंद हाताशी असतो म्हणून मोह होतो, पण तो पातळ असल्याने शेजारच्या सगळ्या सांध्यांत पसरतो, वाळताना पांढरी भुरी सोडतो, आणि तो काढायला लागणारं अॅसिटोन मेण व जुनी डागडुजी दोन्ही बिघडवतं. एका कणासाठी वीस कण धोक्यात येतात. वस्तू आडवी ठेवून द्या आणि संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. नेताना पेटी मांडीवर आडवी ठेवा, सामानात उभी खोचू नका. घाटातल्या हादऱ्यांनी सुटलेली लांबी सरकते.

ब्रोच वापरायचा असेल तर जरूर वापरा, पण हिवाळ्यात. साडी नेसून, अत्तर-पावडर सगळं झाल्यावर शेवटी लावा, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा काढा. पदर पातळ असेल तर आतून जाड कापडाचा तुकडा घ्या म्हणजे वजनाने ब्रोच पुढे लोंबकळत नाही आणि कोंदणावर ताण येत नाही. किनाऱ्यावरच्या लग्नाला तो घरीच राहू द्या.

वस्तू परदेशी लिलावाला पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आधी बघा. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती, मग ती इटलीत बनलेली का असेना, खाजगी व्यक्तीला परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा.

प्रत्येक वस्तूची एक वही ठेवा. लांबी-रुंदी, वजन, पाठीचा फोटो, आणि डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आडव्या उजेडात काढलेले चार फोटो. विजेरी, अंतर आणि कोन दरवर्षी तेच ठेवा, नाहीतर तुलना होत नाही. पेटी दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर उघडा. उघडण्याआधी मापकावरचा आकडा वहीत लिहा, कागद सरळ वर उचला, आणि वस्तूला हात लावायच्या आधी फोमच्या खाचेत कडेने चुरा पडला आहे का ते भिंगाने बघा.